धूळ कुणाला दिसते?

फ्रान्झ काफ्काच्या रोजनिशीत फेब्रुवारी १९१२ मधली एक नोंद आहे. आदल्या दिवशी तो एका कारखान्यात जाऊन आलेला असतो. पट्ट्यांवर फिरणाऱ्या यंत्रांचा अखंड गोंगाट, त्यांच्यापुढे राबणाऱ्या मुली, त्यांचे मळके ढगळ कपडे, विस्कटलेले केस. संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा त्या डोक्यावरचे रुमाल सोडतात आणि कपड्यांवरची, केसांवरची धूळ ब्रशने झटकू लागतात. ब्रश हातोहात फिरत राहतो आणि ज्यांच्यापर्यंत तो पोहोचलेला नसतो त्या उतावीळपणे तो मागत राहतात. यंत्रांच्या गर्दीत माणूसपण हरवलेल्या त्या मुली पुन्हा स्त्रिया होताना काफ्का पाहतो आणि लिहून ठेवतो.

हा कारखाना काफ्काच्या घरचाच होता. प्रागच्या झिझकोव्ह भागातली 'प्रागेर आस्बेस्टवेर्के हेर्मान अँड कंपनी' त्याचा मेव्हणा कार्ल हेर्मान चालवत असे आणि काफ्का तिच्यात भागीदार होता. ऑक्टोबर १९१२ मध्ये कारखान्यावर देखरेख करण्याचा घरच्यांचा तगादा इतका वाढला की माक्स ब्रोडला लिहिलेल्या पत्रात त्याने जीव देण्याचा विचार बोलून दाखवला. त्यानंतर काही आठवड्यांतच तो 'मेटामॉर्फसिस' लिहायला बसला. काफ्काचे अभ्यासक या कारखान्याकडे वळतात ते बहुधा याच वाटेने, म्हणजे बाप-मुलाचा ताण, नकोशी जबाबदारी, लेखनासाठी न मिळणारा वेळ या वाटेने. आम्हीही ती नोंद वर्षानुवर्षे तशीच वाचत आलो. त्या ब्रशपाशी थांबावे असे आम्हांला फार उशिरा वाटले.

ती धूळ अ‍ॅस्बेस्टॉसची होती. तिचे तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि त्यांतून उद्भवणारा आजार अनेकदा वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी प्रकट होतो. ब्रशने झटकलेली धूळ शेजारणीच्या श्वासात जाते. काफ्काने हे सारे पाहिले, पण ते काय आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. गंमत अशी की, हा माणूस पोटापाण्यासाठी कामगार अपघात विमा संस्थेत नोकरी करत होता आणि लाकूड रंधणाऱ्या यंत्रांमुळे बोटे कशी तुटतात, कोणत्या बनावटीचा दंडगोल बसवला तर ती वाचतील, याविषयी त्याने संस्थेच्या अहवालात सचित्र लेख लिहिला होता. तुटलेले बोट लगेच दिसते. धूळ दिसत असूनही दिसत नाही.

या लेखाचा विषय तोच आहे. दिसत असूनही न दिसणारी एक वस्तू माणसाला ओळखता कशी येऊ लागली, आणि ती प्रयोगशाळेत ओळखणे पुरेसे का ठरले नाही, म्हणजेच जिथे भिंत पाडली जाते आहे तिथेच आणि त्याच दिवशी ती ओळखण्याची गरज का निर्माण झाली, याचा हा इतिहास आहे. तो साहित्याच्या अनुदिनीवर कशाला, असे कुणी विचारील. तो पाहण्याचा आणि नाव देण्याचा इतिहास आहे, एवढेच उत्तर तूर्त देतो.

*

नावापासूनच सुरुवात करू. ग्रीक भाषेत 'अ‍ॅस्बेस्टॉस' म्हणजे न विझणारे. त्याच पदार्थाचे दुसरे ग्रीक नाव 'अमिआन्तोस', म्हणजे निष्कलंक, न डागाळणारे. फ्रेंचमधला 'आमियाँत' हा शब्द त्याच्यापासूनच आला. जपानीत त्याला 'इशिवाता' म्हणतात, म्हणजे दगडाचा कापूस. तिन्ही नावांत कौतुक आहे. एकातही भय नाही.

रोमन लेखक प्लिनी याने गुलामांना होणारा अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार नोंदवला होता आणि ते तोंडावर मुखवटे बांधत असत, असे अनेक ग्रंथांत छापलेले आढळते. हे विधान एका पुस्तकातून दुसऱ्यात बिनदिक्कत उतरत आले आहे. प्रत्यक्षात प्लिनीच्या 'नॅचरल हिस्टरी'त एकोणिसाव्या भागात येते ते आगीत न जळणाऱ्या कापडाचे कौतुक, आणि हा पदार्थ भारतातल्या पाऊस न पडणाऱ्या, सापांनी भरलेल्या वाळवंटात उगवतो अशी समजूत. मुखवट्याचा उल्लेख येतो तो अगदी दुसऱ्या ठिकाणी, हिंगुळाची पूड करणाऱ्यांच्या संदर्भात. दोन उतारे कुणीतरी एकत्र शिवले आणि प्राचीनांना सारे ठाऊक होते अशी सोयीची कथा तयार झाली. सोयीची अशासाठी, की ज्ञान दोन हजार वर्षांपूर्वीच होते म्हटले की ते विसाव्या शतकात कुणी, कधी आणि किती कष्टाने मिळवले, हा प्रश्न मागे पडतो.

लिखित पुराव्याच्या आधारे बोलायचे तर सुरुवात १८९८ पासून करावी लागते. ब्रिटनच्या कारखाना निरीक्षक खात्यात तेव्हा नुकत्याच स्त्रिया येऊ लागल्या होत्या. त्यांच्यापैकी ल्यूसी डीन यांनी त्या वर्षाच्या अहवालात अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीचा उल्लेख केला. धूळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तेव्हा तिचे कण काचेसारखे टोकदार, दातेरी दिसले, आणि ते हवेत तरंगत राहिले तर अपाय होतो, असे त्यांनी लिहिले. हे ओळखणे आकारावरून झाले होते. अहवाल छापला गेला आणि कपाटात गेला. १९०६ मध्ये लंडनचे डॉक्टर मॉन्टेग्यू मरे यांनी सरकारी समितीपुढे आपल्या एका रुग्णाची हकीकत सांगितली. त्याच्याबरोबर पिंजणखान्यात काम करणाऱ्या दहा जणांपैकी तोच काय तो उरला होता, असे त्याचे म्हणणे होते. समितीने ही साक्षही नोंदवून घेतली.

मार्च १९२४ मध्ये रॉचडेलमधल्या अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीत काम केलेली नेली केरशॉ वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मरण पावली. डॉक्टर विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसाचे छेद तपासले आणि जुलै महिन्यात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांवर लेख लिहिला. आजाराला 'अ‍ॅस्बेस्टॉसिस' हे नाव मिळाले ते १९२७ मध्ये. गिरणीच्या मालकांनी तिच्या कुटुंबाला भरपाई नाकारली होती. नाव नसलेल्या आजाराची भरपाई कोणत्या रकान्यात लिहिणार? काफ्का वारला तोही १९२४ च्याच जूनमध्ये, पण स्वरयंत्राच्या क्षयाने. दोन मृत्यूंचा एकमेकांशी संबंध जोडण्याचा मोह आम्ही टाळतो. एवढेच नोंदवतो की, त्याच्या कारखान्यातल्या मुलींपैकी कुणाच्याही फुप्फुसाचा छेद कुणी घेतल्याचे आम्हांला कुठे वाचायला मिळालेले नाही.

१९३० मध्ये मेरीवेदर आणि प्राइस यांनी ब्रिटिश सरकारसाठी ३६३ कामगार तपासले. त्यांतल्या चौथ्या हिश्शाहून अधिक जणांच्या फुप्फुसांत तंतुमयता आढळली. १९३१ मध्ये नियम झाले. ते कारखान्यातल्या धुळीपुरते होते. कारखान्यातून तयार होऊन बाहेर पडलेला माल ज्या घरांत, शाळांत, जहाजांत, इस्पितळांत जाऊन बसला, तिथे हे नियम पोहोचले नाहीत.

*

प्रीमो लेव्ही हा लेखक या इतिहासात एका विलक्षण जागी उभा आहे. १९४१ मध्ये त्याने रसायनशास्त्राची पदवी घेतली. ज्यूंविरोधी कायद्यांमुळे उघडपणे नोकरी मिळणे अवघड होते. तेव्हा तुरिनजवळच्या बालांजेरो येथील खाणीत त्याला जवळजवळ गुपचूप काम मिळाले. खाण अ‍ॅस्बेस्टॉसची होती. तंतू काढून उरलेल्या चुऱ्यात थोडेसे निकेल असते, ते फायदेशीरपणे काढता येईल का, हे त्याने शोधायचे होते. १९७५ साली आलेल्या 'द पिरिऑडिक टेबल' या पुस्तकातले 'निकेल' हे प्रकरण याच दिवसांवर आहे. तिथे सर्वत्र पसरलेल्या राखट धुळीचे वर्णन येते. टेबलावर ठेवलेले पुस्तक काही तासांनी उचलले तर त्याची आकृती खाली उमटलेली असे, असे तो सांगतो.

आम्हांला ही प्रतिमा फार बोलकी वाटते. त्या खोलीत एक उत्तम विश्लेषक रसायनज्ञ बसला आहे. दगडातले निकेल अंशा-अंशाने मोजण्यात तो रमला आहे, आणि ज्या पदार्थावर पुस्तकाची छाया उमटते आहे तो मोजण्याचे कामच त्याच्याकडे दिलेले नाही. परीक्षा कशाची घ्यायची हे आधी कुणीतरी ठरवते, आणि बहुतेक वेळा ते पैसे देणारा ठरवतो. १९४१ मध्ये निकेलची गरज होती. धुळीविषयी विचारणारा कुणी ग्राहक नव्हता. लेव्हीचे श्रेष्ठत्व असे की, तेहतीस-चौतीस वर्षांनी आठवणी लिहिताना त्याने निकेलच्या पाठलागाबरोबर ती धूळही कागदावर आणली. साहित्य पुष्कळदा असेच साक्ष देते. अर्थ कळण्यापूर्वीच तपशील टिपून ठेवते, आणि तो तपशील वाचणारा वाचक पुढे कधीतरी जन्माला येतो.

१९६० मध्ये वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातले मेसोथेलिओमा या दुर्मिळ कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांतल्या कित्येकांनी खाणीत कधी काम केले नव्हते. ते खाणीच्या आसपास राहिले होते, लहानपणी तिथे खेळले होते. अ‍ॅस्बेस्टॉसचा प्रश्न कारखान्याच्या फाटकाबाहेर आला तो या निबंधाने. आता नुसत्या कामगाराची फुप्फुसे तपासून भागणार नव्हते. हवा तपासायला हवी होती, भिंत तपासायला हवी होती.

*

हवेसाठी जी पद्धत रूढ झाली ती अशी: ठरावीक हवा एका पातळ पडद्यातून ओढून घ्यायची, पडदा पारदर्शक करायचा आणि फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर अडकलेले तंतू मोजायचे. या सूक्ष्मदर्शकाच्या तत्त्वाबद्दल फ्रिट्स झेर्निके यांना १९५३ चे नोबेल मिळाले होते. पाच मायक्रोमीटरपेक्षा लांब, तीन मायक्रोमीटरपेक्षा बारीक आणि रुंदीच्या निदान तिप्पट लांब, असे जे काही दिसेल ते तंतू म्हणून मोजायचे. पद्धत स्वस्त आहे, पण तिला तंतूची जात कळत नाही. अ‍ॅस्बेस्टॉस, काचलोकर, कापूस, सारे एकाच मापाने मोजले जाते. शिवाय पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा सुटा तंतू केसाच्या हजारो पट बारीक असतो आणि या भिंगाला तो दिसतच नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला तो दिसतो. मात्र त्यासाठी महागडे यंत्र, तयार माणूस आणि दिवस लागतात.

भिंतीतल्या, छतातल्या मालासाठी ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक वापरात आला. विशिष्ट द्रवात बुडवलेला तंतू ध्रुवित प्रकाशात विशिष्ट रंग दाखवतो आणि त्या रंगावरून त्याची जात ओळखता येते. या विद्येचे अमेरिकेतले मोठे आचार्य म्हणजे शिकागोचे वॉल्टर मॅक्रोन. साहित्य-इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असेल. येल विद्यापीठाच्या 'विनलंड मॅप' या कथित मध्ययुगीन नकाशाच्या शाईत आधुनिक टायटॅनियम रंगद्रव्य आहे, असे १९७४ मध्ये सांगणारे तेच. (२०२१ मध्ये येलनेच तो नकाशा बनावट असल्याचे जाहीर केले.) हस्तलिखिताची शाई आणि शाळेच्या छताचा गिलावा, दोहोंना एकच प्रश्न विचारता येतो: तू जे आहेस म्हणून सांगतोस तेच आहेस का? संहितेची चिकित्सा करणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही. फरक वेळेचा आहे. नकाशाचा निकाल लागायला सत्तेचाळीस वर्षे लागली आणि कुणाचे काही बिघडले नाही. छताच्या बाबतीत सात दिवसही फार होतात. का, ते कोबे शहराने दाखवून दिले.

*

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे, पाच वाजून शेहेचाळीस मिनिटांनी, कोबे आणि परिसराला भूकंपाचा धक्का बसला. सहा हजार चारशेंहून अधिक माणसे गेली. एक लाखाहून अधिक इमारती पूर्ण कोसळल्या. जपानमध्ये पोलादी सांगाड्यांवर आगीपासून संरक्षण म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस फवारण्याची पद्धत होती. पाच टक्क्यांहून अधिक प्रमाणाची फवारणी १९७५ मध्ये बंद झाली, पण आधी फवारलेले भिंतींच्या आत तसेच राहिले होते. आता भिंतीच राहिल्या नाहीत. शहर उपसून पुन्हा उभे करायची घाई होती. ढिगारे पाडणारे, भरणारे, वाहणारे मजूर त्या धुळीत महिनोन्महिने राबले. पुढे, २००० नंतरच्या दशकात, त्यांच्यापैकी काहींचा मेसोथेलिओमा हा कामातून उद्भवलेला आजार म्हणून मान्य झाला.

याच प्रांतातल्या आमागासाकी शहरात जून २००५ मध्ये दुसरा धक्का बसला. कुबोता कंपनीच्या जुन्या कारखान्यात १९५७ ते १९७५ या काळात निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे नळ बनत. तिथल्या कामगारांचे मृत्यू आणि कारखान्याभोवती राहणाऱ्या रहिवाशांचे आजार एकाच वेळी वर्तमानपत्रांत आले. देश हादरला. २००६ पासून जपानने अ‍ॅस्बेस्टॉसवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. मात्र बंदीने नवा माल थांबतो, उभ्या इमारती बदलत नाहीत. त्या एकेक करून पाडल्या जाणार, आणि प्रत्येक वेळी मजुरापुढे एक भिंत असणार.

हिरोशिमा विद्यापीठातले अकिओ कुरोदा सिलिकेला चिकटणाऱ्या प्रथिनांवर काम करत होते. अ‍ॅस्बेस्टॉस हेही सिलिकेटच. मग अ‍ॅस्बेस्टॉसलाच नेमके चिकटणारे प्रथिन निसर्गात सापडेल का? ते सापडले, आणि तेही आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूत. 'डीकेएसए' नावाचे हे प्रथिन पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसला घट्ट धरते. त्याला प्रकाशणारा रंग जोडला की अंधाऱ्या पार्श्वभूमीवर तंतू उजळून दिसतो. २००८ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधांतून ही पद्धत पुढे आली. निळ्या आणि तपकिरी जातींसाठी वेगळे प्रथिन सापडले. ३० ते ३५ नॅनोमीटर जाडीचा, साध्या भिंगाला न दिसणारा तंतूही या प्रकाशात सापडतो, असे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशी ताडून दाखवले गेले. या कामासाठी लागणारा सूक्ष्मदर्शक उचलून नेता येतो. त्यामुळे हवेचा नमुना जिथे घेतला तिथेच, त्याच दिवशी उत्तर मिळू शकते.

भिंतीसाठी दुसरे साधन आले ते हातात धरायच्या अवरक्त किरणयंत्राचे. पृष्ठभागावर अदृश्य प्रकाश टाकायचा. खनिजातले हायड्रॉक्सिल बंध त्यातल्या ठरावीक लहरी शोषून घेतात. परतलेला प्रकाश साठवलेल्या नमुन्यांशी ताडून यंत्र काही सेकंदांत नाव सांगते. मात्र काळ्या मालापुढे ते गोंधळते, प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा कमी असले तर चुकते, आणि रंगाच्या थराखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. त्यामुळे यंत्र 'आहे' म्हणाले तर विश्वास ठेवावा, 'नाही' म्हणाले तर प्रयोगशाळेत पाठवावे, हा व्यवहार शहाणपणाचा ठरतो.

घाईच्या निदानाचा धोका यातच आहे. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळल्यावर आठवडाभरातच अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या प्रमुखांनी तिथली हवा श्वासाला सुरक्षित असल्याचे जाहीर केले. २००३ मध्ये त्याच संस्थेच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला की, असे सरसकट विधान करण्याइतकी माहिती त्या वेळी हाती नव्हती. शहराला पुन्हा कामाला लावण्याची घाई आणि मजुराला वेळेवर सावध करण्याची घाई, या दोन वेगळ्या घाया आहेत. जलद परीक्षेचे साधन कोणत्या घाईच्या हाती पडते यावर त्याचे मोल ठरते. जपानने एप्रिल २०२२ पासून ठरावीक आकारापेक्षा मोठी इमारत पाडण्यापूर्वी तपासणीचा निष्कर्ष शासनाला कळवणे सक्तीचे केले, आणि ऑक्टोबर २०२३ पासून ती तपासणी पात्रताधारकानेच करावी असा नियम केला. कोबेपासून मोजले तर यालाही सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे लागली.

*

कोबेच्या भूकंपानंतर बरोबर दहा दिवसांनी, २७ जानेवारी १९९५ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्यात म्हटले. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी निदान चाळीस वर्षे जपाव्यात, असा आदेश दिला. आणि तंतू शोधण्यासाठी पडद्याची ती चाचणी सर्व कारखान्यांनी अवलंबावी, असेही स्पष्टपणे सांगितले. एका परीक्षापद्धतीचे नाव घटनात्मक हक्काच्या निकालपत्रात यावे, ही या इतिहासातली आम्हांला सर्वांत महत्त्वाची घटना वाटते. पण हा आदेशही, १९३१ च्या ब्रिटिश नियमांसारखाच, कारखान्यापुरता होता.

कारखान्याबाहेर काय आहे? आपल्याकडे त्याला 'सिमेंटचा पत्रा' म्हणतात. गोठ्यावर, शाळेच्या पडवीवर, चाळीच्या वाढवलेल्या खोलीवर, झोपडपट्टीतल्या माळ्यावर, कारखान्याच्या शेडवर हा पन्हाळीदार करडा पत्रा असतो. त्यात सिमेंट असते हे खरेच, आणि त्याला धरून ठेवणारा पांढरा अ‍ॅस्बेस्टॉसही पुष्कळदा असतो. बोलीने नावातला निम्मा भाग गाळून टाकला आणि उरलेला निरुपद्रवी भाग ठेवला. पत्रा अखंड असेतो तंतू सिमेंटमध्ये बऱ्यापैकी बांधलेले राहतात. तो कापला, भोक पाडले, फोडला, वर्षानुवर्षांच्या पावसाने झिजला, की ते सुटतात. घर पुनर्विकासाला गेले की हे पत्रे उतरवणारा मजूर ते वरून खाली फेकतो, कारण उतरवण्यापेक्षा फेकणे लवकर होते, आणि फुटलेल्या पत्र्याचे त्याला कुणी पैसे कापत नाही. बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रेही आता बाजारात मिळतात. वरून पाहून दोहोंतला फरक त्यालाच काय, आम्हांलाही सांगता येणार नाही.

काही सेकंदांत उत्तर देणारे यंत्र जगात आहे. त्या मजुराच्या हाती ते नाही, ठेकेदाराच्या हातीही नाही, आणि ते असावे असा प्रश्न विचारणारा कुणी ग्राहकही अद्याप नाही. बालांजेरोच्या खोलीत जी गोष्ट घडत होती तीच इथे घडते आहे. म्हणून आम्हांला वाटते की, पहिली परीक्षा भाषेनेच घ्यावी. 'सिमेंटचा पत्रा' न म्हणता निदान संशय असेतो तरी 'अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा' म्हणावे. या परीक्षेला यंत्र लागत नाही. ती अचूक नाही हे मान्य. पण नाव उच्चारले की पत्रा फेकण्यापूर्वी तो ओला करावा का, तोंडावर काय बांधावे, पोरांना बाजूला घ्यावे का, हे प्रश्न तरी उभे राहतात.

असो. काफ्काची ती नोंद आता आम्ही वर्गात शिकवताना ब्रशपाशी थांबतो. सहा वाजले आहेत, मुलींना घरी जायची घाई आहे. ब्रश अजून एकीच्या हातात आहे आणि दुसरी तो मागते आहे.